माझ्या नावचा नवस

रोज संध्याकाळी मालिका लागली की माझी आई दुसऱ्याच्या लेकीसाठी रडायची. मी तिच्या पायाशी बुटक्या स्टुलावर बसलेली, पुढ्यात कोमट पाण्याचं घमेलं, मांडीवर तिचा डावा पाय. साखरेच्या आजारानं टाचेला जखम धरली होती. ती रोज धुवायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची. आणि आई पडद्याकडे बघत म्हणायची, "काय कैदाशीण आहे ही बाई. पोटच्या पोरीला कुणी असं कोंडून घालतं का?" मग नजर न हलवता मला म्हणायची, "जरा हळू, एवे. दुखतंय."

मालिकेतली लुस आंखेलिका घरातली धाकटी. बाप मरताना तिच्याकडून शब्द घेतो की आईला सोडून जायचं नाही, आणि आई त्या शब्दाचा चाबूक करते. आईच्या हातात चांदीच्या मुठीची काठी. खिडकीखाली एक घोड्यांचा डॉक्टर, वर्षानुवर्षं उभा. आमचा टीव्ही मोठा, थोरल्या भावानं, रिगोनं, शिकागोहून पाठवलेला. म्हणून गल्लीतल्या बाया आमच्याकडेच बसायला यायच्या. खुर्च्या त्या आणायच्या, कॉफी मी करायची. कुणीतरी डोळे पुसत म्हणायचीच, "अगदी आपल्या एवेलियासारखी गं पोर." मला ते घमेलं उचलून त्यांच्या डोक्यावर ओतावंसं वाटायचं.

माझ्यासारखी काय? ती सॅटिनच्या ब्लाउजमध्ये मक्याचं पीठ मळते. नखं रंगवलेली. त्या घरात कुणाला हगवण लागत नाही, कुणाची चादर ओली होत नाही, कुणी दात काढून पेल्यात ठेवत नाही. ती फक्त रडते, आणि रडताना छान दिसते. मी रडले की माझं नाक बटाट्यासारखं होतं.

आणि तो घोड्यांचा डॉक्टर. माझ्या खिडकीखाली कुणी नव्हतं. पेट्रोल पंपावरचा एक जण होता काही महिने, तोही कंटाळला, आणि खरं सांगायचं तर मला फारसं वाईट वाटलं नाही. लोकांना तेच पटत नाही. मुलगी घरात राहिली म्हणजे तिचा एखादा पुरुष हुकला असणार. बाईचं दुसरं काही हुकू शकतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. माझी झोप हुकली. माझी मास्तरकी हुकली. स्वतःच्या दाराची किल्ली कशी असते ते मला चाळिशी उलटली तरी माहीत नव्हतं.

पण त्या मालिकेतली सगळ्यात मोठी थाप म्हणजे ती आई. तशी काठीवाली आई मला मिळाली असती तर मी पहिल्याच वर्षी बोचकं उचलून निघाले असते. माझी आई, दोन्या त्रिनी, म्हणजे त्रिनीबाई, गावातली सगळ्यात गोड बाई. तिचा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नाही. मला ती कधी "जाऊ नकोस" म्हणाली नाही. म्हणायची, "मी कुठं अडवलंय तुला, पोरी?" आणि त्याच दुपारी तिला चक्कर यायची. चक्कर खोटी नसायची, हे पण सांगते. खोटी असती तर सोपं होतं.

विशीत मला शिक्षिकांच्या कॉलेजात जागा मिळाली होती. पेटी भरून दाराशी ठेवलेली. त्याच सुमारास धाकटा भाऊ नाबोर उत्तरेकडे, चोरवाटेनं सीमेपलीकडे निघाला आणि त्याचा पत्ता लागेना. बरोबरची पोरं पोहोचली, हा नाही. वाळवंटात माणसं मरतात ते आम्हाला ठाऊक होतं, गावातल्या दोघांच्या शवपेट्या तिकडून आल्या होत्या. आईनं अंथरूण धरलं. मला म्हणाली, थोडे दिवस थांब. मी थांबले. मग एके दिवशी पाववाल्याच्या दुकानातल्या फोनवर नाबोरचा आवाज आला. वाळवंटात चुकलो होतो, निवडुंग चोखून जगलो, पण वाचलो. सगळं गाव रडलं. आई उठली ती नाताळाला, आणि तोवर माझी जागा दुसरीला गेली होती. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले सगळे.

त्यानंतर आईनं मला हाताला धरून चर्चमध्ये मूर्तीची वस्त्रं सांभाळणाऱ्या सोकोर्रो मावशीकडे नेलं. हिला कांदेलारिया माउलीचे पोशाख करायला शिकवा, म्हणाली. मला आनंदच झाला. सुईत माझा हात चांगला होता.

आमच्याकडे बिनलग्नाच्या बाईला टोमणा मारतात, राहिली संतांना कपडे घालायला. बाकीच्यांना नुसता टोमणा, मला तो खराच लागू झाला. कांदेलारिया माउलीचा उत्सव फेब्रुवारीत, आणि दर वर्षी आदल्या दिवशी तिला नवा पोशाख घालतात. पडदा ओढून, दार लावून, फक्त बिनलग्नाच्या बायका आत. पुरुषाची नजर पडायची नाही, फादरची सुद्धा नाही. पहिल्यांदा जुना झगा उतरवला तेव्हा मी दचकले. झग्याखाली काही नव्हतं. वर कोरलेला सुंदर चेहरा, पुढं दोन नाजूक हात, आणि मध्ये चार लाकडी पट्ट्या, खिळे ठोकून उभ्या केलेल्या, कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या. सोकोर्रो मावशी म्हणाली, तोंड मीट, हे बाहेर बोलायचं नसतं. मी बोलले नाही. वीसेक वर्षं त्या पट्ट्यांना कपडे घातले.

या वीस वर्षांत भावांनी काय केलं, तर फोन. रिगो दर रविवारी तिकडून उंटावरून शेळ्या हाकायचा. आईला मीठ कमी घाल, उन्हात बसव, जखमेला हवा लागू दे. बहीण ओफेलिया लेओन शहरात, तिच्याकडे तिची सासू. आणि नाबोर शेंडेफळ, म्हणजे घर त्याचं. आमच्याकडे ती रीतच आहे, घर धाकट्या मुलाला. चुना मी मारायचा, गळकी कौलं मी बदलायची, आणि उत्सवाला पंधरा दिवस येऊन नाबोर अंगणात गाडी लावून बँडची गाणी मोठ्यानं लावणार. लोक त्याला विचारणार, घराचं काय करायचं ठरवलंस? माझ्यासमोर. मी भांडी घासत असताना.

गेल्या पावसाळ्यानंतर अमालिया आली. शाळेत माझ्या बाकावर बसायची. आता आग्वास शहरात तिची शिवणशाळा आहे, चर्चच्या वस्त्रांवर जरीकाम करतात तिथं. माउलीचा झगा तिनं बघितला, उलटून आतले टाके बघितले आणि म्हणाली, माझ्याकडे ये. नव्या मुलींना शिकवायला कुणी नाही. मागं खोली आहे, स्वतंत्र दार आहे. ईस्टरआधीच्या उपवासांचा काळ सुरू व्हायच्या आत सांग, तोवर जागा धरते, पुढं नाही धरता येणार.

त्या रात्री आईची चादर बदलताना मी ठरवलं. जायचं. उत्सवाला सगळे घरी असतील, तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं.

सगळे आले. ओफेलिया सोडून, तिच्या सासूला ताप. पोशाखाच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात टेबलं जोडली. मी पहाटेपासून पोसोले शिजवत होते, मक्याचे दाणे आणि डुकराच्या डोक्याचा लाल रस्सा. रिगो टोपी घालूनच जेवायला बसला. नाबोर, त्याची बायको योलांदा, आई मधोमध, गळ्याशी रुमाल लावून. मी सगळ्यांना वाढलं, स्वतःचं घेतलं, आणि बसल्या बसल्या सांगितलं की उत्सव झाला की मी आग्वासला राहायला जाते आहे, तेव्हा आईकडे कोण बघणार ते ठरवा.

रिगो खूश झाला. "काय गं, म्हातारपणी नवरा गावला की काय?"

काम मिळालंय, म्हटलं. नवरा नाही.

त्याचा चेहरा पडला. नवरा म्हटलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी डुक्कर कापलं असतं, बँड बोलावला असता, मला दारापर्यंत नाचत पोचवलं असतं. बाई पुरुषासाठी आईला सोडते हे त्यांना समजतं, मालिकेत दाखवतात. बाई सुई-दोऱ्यासाठी आईला सोडते म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी सैल झालंय. रिगो मला समजावू लागला. काम तर तू इथंही करतेस. इथं तुला काय कमी आहे. तुला आराम पाहिजे, चार दिवस ओफेलियाकडे जाऊन ये. नाबोर चमच्यानं मक्याचे दाणे मोजत बसल्यासारखा खाली बघत होता.

"घर कुणाचं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"साधं विचारते. हे घर कुणाचं?"

"नाबोरचं," रिगो म्हणाला. "रीत आहे ती."

"मग आईपण नाबोरची. विहीर तेवढी घ्यायची आणि पाणी दुसऱ्यानं शेंदायचं, ही कुठली रीत?"

योलांदा खुदकन हसली आणि नवऱ्याकडे बघून गप्प झाली. ही बाई मला पहिल्यापासून आवडते. शिकागोच्या एका हॉटेलात चादरी धुते, तोंडाला कुलूप नाही.

मग आईनं रुमालानं तोंड पुसलं. आपण बोलणार आहोत हे सांगायची तिची तीच पद्धत.

"एवेला जाता यायचं नाही," ती म्हणाली. आवाज मऊ, नेहमीसारखा. "माझ्यासाठी नाही म्हणत मी. मी काय, आज आहे उद्या नाही. पण एवे माझी नाहीच. तिला मी माउलीला दिलीय."

कुणाला काही कळेना. मग आईनं सांगितलं. नाबोर वाळवंटात हरवला होता तेव्हा ती चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर गेली होती, सोकोर्रो मावशी साक्षीला. माझा मुलगा परत दे, माझी मुलगी तुला देते. ती लग्न करणार नाही, घर सोडणार नाही, तुझी वस्त्रं करील आणि मला शेवटचं पाणी देईल. माउलीनं ऐकलं. मुलगा दिला. आता दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा?

रिगोनं टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मेल्याच्या. मी त्या रश्शाकडे बघत होते. वर तेलाचा लाल तवंग गोठत चालला होता. वीसेक वर्षं मी समजत होते की एक दिवस, मग आणखी एक दिवस, असं करत माझं आयुष्य आपोआप या घरात राहून गेलं. कुणाचा दोष नाही, परिस्थिती. आणि हे तर ठरवून झालं होतं. माझ्या पाठीमागं, माझ्या नावानं, गुडघ्यांवर.

तेवढ्यात योलांदानं विचारलं, "कुठलं वाळवंट?"

नाबोर तिला म्हणाला, तू गप.

"गप काय? सासूबाई, ते हा उत्तरेला गेला त्या वर्षीचं म्हणताय ना? शरद ऋतूत? अहो, तेव्हा हा सीमेच्या अलीकडे, मेहिकालीत आमच्या घरी होता. माझ्या आईच्या हातचं खात. माझ्या बहिणीच्या पंधराव्या वर्षाच्या सोहळ्यात नाचलाय हा, उसना कोट घालून. आमच्या भिंतीवर फोटो आहे. मला तर हा तिथंच भेटला."

रिगोनं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

नाबोरकडून मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. वाटाड्यानं सीमेच्या अलीकडेच फसवलं होतं. सगळं काढून घेऊन पळाला. बरोबरचे दुसऱ्या वाटेनं गेले. याला घरी कळवायची लाज वाटली, मोठ्या तोऱ्यात निघाला होता ना. तो मेहिकालीत विटा उचलत राहिला, योलांदाच्या गल्लीत. दोन महिन्यांनी पलीकडे पोचला तेव्हा फोन लावला.

"दुकानात सगळेच रडत होते," तो म्हणाला. "तू पण रडत होतीस, एवे. कुठं होतास, कुठं होतास, करत होतात सगळे. मग मी म्हणालो, वाळवंटात."

"आणि निवडुंग?" मी विचारलं.

"ते कुणीतरी विचारलं, काय खाल्लंस म्हणून. मग सांगावं लागलं."

योलांदा पुन्हा हसणार होती, पण माझ्याकडे बघून तिनं ओठ चावले.

मला वाटलं आता आई काहीतरी बोलेल. मला म्हणेल, पोरी. इतकंच म्हणाली असती तरी मला वाटतं मी तिथंच विरघळले असते, आणखी दहा वर्षं राहिले असते. मालिकेत असंच होतं. शेवटच्या भागात दगडाला पाझर फुटतो, दोघी गळ्यात पडतात. माझी आई बराच वेळ नाबोरकडे बघत राहिली. मग हात पुढं करून तिनं त्याच्या केसांवरून फिरवला.

"उपाशी तर नव्हता ना राहिलास?" तिनं त्याला विचारलं.

आणि मग मला, त्याच मऊ आवाजात, "तरी आला ना तो परत? मी मागितला, तिनं दिला. कुठून दिला ते विचारणारी मी कोण? नवस तो नवस."

मी ओरडले नाही. उठले आणि ताटं तशीच सोडली. एवढंच केलं. खरकटी ताटं संध्याकाळपर्यंत टेबलावर पडली होती, माश्या घोंगावत होत्या, आणि त्या घरातल्या एकाही माणसाला ती उचलता येत नव्हती. शेवटी योलांदा उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं. तू नाही, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पोशाख होता. मी नवा झगा हातांवर घेतला, पांढरा, जरीच्या गव्हाच्या ओंब्या काढलेला, महिनोन् महिने त्यावर डोळे फोडले होते. मग नाबोरला म्हटलं, चल. कुठं, म्हणाला. नवस फेडायला. तू परत आलास, तुझ्या बदल्यात दिलंय, तर फेडायला तूच चल. तो आईकडे बघायला लागला. आई खिडकीकडे बघत होती. नवसाच्या बाबतीत तिनंच आदल्या दिवशी एवढं सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार.

वेदीच्या मागच्या खोलीच्या दारात सोकोर्रो मावशी आडवी आली. सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी वाळलेली, हात कापणारे. पुरुष आत येणार नाही, म्हणाली. उभ्या जन्मात आला नाही.

"तुम्हाला नवसाचं ठाऊक होतं, मावशी?"

"होतं की. मीच साक्षीला होते."

"मला का नाही सांगितलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. डोळ्यांत खोट नव्हती, सरळ बघून म्हणाली, "मेणबत्ती वाहताना मेणबत्तीला कुणी विचारतं का, पोरी?"

तिला मारावं असं क्षणभर वाटलं. मग दिसलं की तिलाही कधी काळी कुणीतरी असंच वाहिलेलं असणार, आणि ती जळून जळून बुडाशी आली होती, आणि तिला अजून वाटत होतं की हा मान आहे. त्यानं राग कमी झाला नाही. उलट वाढला, फक्त तिच्यावरून सरकला.

"झग्याचं ओझं तुम्हाला पेलायचं नाही," मी म्हटलं. "मी आज हात लावणार नाही. एक तर नाबोर आत येईल, नाही तर माउली उद्या जुन्या कपड्यांत मिरवणुकीला निघेल. सांगा."

बाहेर नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा शेवट चालला होता. मावशीनं माझ्या हातांवरच्या झग्याकडे बघितलं. मग बाजूला झाली आणि भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढायला लागली.

नाबोरला मी सांगत गेले. आधी मुकुट काढ. दोन्ही हातांनी. आता मागच्या टाचण्या, तोंडात नको धरू, गिळशील. आता खांद्यावरून झगा सोड, हळू. छतांवर चढून कामं करणारा हा दांडगा माणूस, हाताची बोटं सुरवंटासारखी जाड, घामानं थबथबलेला. झगा खाली घसरला. तो तसाच उभा राहिला. पट्ट्या, खिळे, एका पट्टीला कधी काळी वाळवी लागून भुसा पडलेला. वर तो चेहरा, आमच्याकडे प्रेमानं बघणारा.

"बाकीचं कुठंय?" त्यानं हळूच विचारलं.

"बाकीचं नसतंच."

"कधीच?"

"चेहरा आणि हात. तेवढंच लागतं लोकांना. चेहरा गोड पाहिजे आणि हात रिकामे नकोत."

नवा झगा त्यानं घातला, वाकडा. एक खांदा खाली, कंबरेची पट्टी तिरकी. माझा हात शिवशिवत होता. मी दोन्ही हात काखेत दाबून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं माउलीला वाकड्या खांद्यानं मिरवलं आणि बाया कुजबुजल्या की एवेलियाची नजर अधू झाली.

मिरवणुकीच्या संध्याकाळी नाबोर गाडीत बसून राहिला, इंजिन बंद, गाणी बंद. मग आत येऊन म्हणाला की तो ईस्टरपर्यंत थांबतो. योलांदा कामावर परत जाईल. पुढचं पुढं, रिगोशी बोलून. रिगोला तेव्हा अचानक आठवलं की त्याला लवकर निघायला हवं, तिकडं बर्फाचं वादळ येतंय. मी म्हटलं, थांबायचं तर शिकून घे. त्याला घमेलं दाखवलं, मलम दाखवलं, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली दाखवली. मोरीवर चादर कशी भिजवायची ते दाखवलं. तो "बरं, बरं" म्हणत होता, शाळेतल्या ढ पोरासारखा. योलांदा दारात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, तू यातलं काही शिकू नकोस. एकदा आलं की तुझंच होईल. ती म्हणाली, "नणंदबाई, मी तर भाताचं भांडंसुद्धा जाळते, काळजी करू नका."

मी निघाले त्या सकाळी आईचे पाय धुवायची वेळ झाली होती. पेटी घेऊन मी अंगणात आले. आतून नाबोरचा आवाज, आई, पाय दे. मग आईचा. नको. मुलानं आईचे पाय धुवायचे नसतात. पुरुषाचं काम नाही ते. त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पाय घोंगडीखाली ओढून घेतले असावेत, कारण घमेलं सांडल्याचा आवाज आला.

"एवेला बोलव," आई म्हणाली.

नाबोर बाहेर आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात फडकं. "ती घेईना मला," तो म्हणाला. "जखमेतून पाणी येतंय, एवे. वास येतोय. आजच्या दिवस."

आजच्या दिवस. माझी सगळी वर्षं या दोन शब्दांत गेली.

आतून आई पुन्हा म्हणाली, "एवे." तिला ठाऊक होतं मी अंगणात आहे ते. ओरडली नाही, रागावली नाही. पाणी मागावं तसं माझं नाव घेतलं. खरंच सांगते, माझा एक पाय उंबऱ्याकडे वळला. तिची टाच मला डोळे मिटून दिसत होती, कुठं लाल, कुठं पिवळी. एक दिवस न धुतल्यानं काय होतं ते मला माहीत होतं, दोन दिवसांनी काय होतं तेही. ते जर बिघडलं तर गाव कुणाला बोलणार हेही माहीत होतं. मला बोलणार, नाबोरला नाही.

"तिला लाज वाटते," मी नाबोरला म्हटलं. "मलापण वाटायची. पहिल्यांदा तिला मोरीवर उघडी धुतली तेव्हा मी विशीतली होते, मला कुणी विचारलं नाही लाज वाटते का. आत जा. पाणी पुन्हा तापव, फार कडक नको. ती नको म्हणेल. ती नको म्हणेल तितक्या वेळा तू पाय माग."

"आणि नाहीच दिला तर?"

"तर बसून राहा. मी बसायची."

तो आत गेला. मी खिडकीजवळून गेले तेव्हा आई पलंगावर ताठ बसली होती, घोंगडी कमरेपर्यंत. आमची नजर भेटली. माझ्या कपाळावर क्रूस काढायला तिनं हात उचलला नाही आणि मी कपाळ पुढं केलं नाही. ती म्हणाली, "जेवून तरी निघायचं." मी म्हटलं, "शेगडीवर काही नाही, आई. आज मी काही केलेलं नाही."

बस थांबते तिथं गल्लीतल्या दोघी-तिघी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी होत्या. पेटी बघून एकीनं विचारलं, परत कधी गं, एवेलिया?

"पुढच्या उत्सवाला," मी म्हटलं. "माझे भाऊ येतात तशी. खुर्चीवर बसेन, रस्सा वाढून घेईन, आई किती वाळली म्हणून दोन टिपं गाळेन आणि वादळ यायच्या आत निघेन."

ती हसली. मी थट्टा करत नव्हते.